मोजणीबाहेरची कर्ती माणसे : प्रस्तावना

एखाद्या जिल्ह्यात बेकार किती, हे सगळेच विचारतात. पण 25 ते 54 वयाची, म्हणजे ऐन कर्त्या वयातली, तरीही काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत अशी नोंद झालेली माणसे किती, हे क्वचितच कुणी विचारते. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. धाराशिव जिल्हा समजून घ्यायचा असेल, तर बेकारीच्या दरापेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे आणि अधिक फसवाही आहे. बोलका अशासाठी, की ज्यांनी कामाची आशाच सोडली किंवा ज्यांच्यापर्यंत काम कधी पोचलेच नाही, त्यांचा पत्ता फक्त इथेच लागतो. फसवा अशासाठी, की तो माणसांविषयी जेवढे सांगतो तेवढेच आपण त्यांना काय विचारले, कुणाला विचारले आणि कोणत्या महिन्यात विचारले, याविषयीही सांगतो. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, तर आकड्याचा उपयोग होतो. नाही तर राबणाऱ्या माणसांवर रिकामेपणाचा शिक्का बसतो.

आधी मोजणीची रीत पाहू. श्रमशक्तीची पाहणी करणारी यंत्रणा प्रौढ माणसांचे तीन भाग करते. काम करणारे रोजगारात. काम नाही, पण ते शोधणारे किंवा मिळाल्यास करायला तयार असलेले बेकार. या दोघांची बेरीज म्हणजे श्रमशक्ती, आणि उरलेले सगळे श्रमशक्तीबाहेर. बेकारीचा दर काढताना भागाकार श्रमशक्तीने होतो, सगळ्या लोकसंख्येने नाही. त्यामुळे शोधून शोधून थकलेला माणूस 'आता काही नको' म्हणाला, की तो बेकारांतून उठून बाहेरच्यांत जातो. त्याची परिस्थिती तसूभरही सुधारलेली नसते, दर मात्र खाली येतो.

म्हणूनच 25 ते 54 हा वयोगट वेगळा काढून पाहण्याची पद्धत पडली. या वयात शिक्षण बहुधा संपलेले असते आणि म्हातारपण लांब असते. अशा वयाचे माणूस कामाबाहेर असेल, तर त्याला काहीतरी कारण असलेच पाहिजे, आणि ते कारण शोधणे हे समाजाचे काम आहे. अमेरिकेत 1950च्या दशकाच्या मध्यावर या वयाच्या शंभर पुरुषांपैकी सुमारे 97 श्रमशक्तीत होते. अलीकडे ते प्रमाण 89च्या आसपास आले आहे. बेकारीचा दर कमी असतानाही ही घसरण चालूच राहिली, आणि हे पुरुष गेले कुठे, यावर तिथे ग्रंथ लिहिले गेले. निकोलस एबरस्टाट यांचे 2016 सालचे 'मेन विदाउट वर्क' हे त्यांतले गाजलेले पुस्तक.

आपल्याकडे हा वयोगट मथळ्यात येत नाही. सरकारी अहवालांच्या ठळक आकड्यांत 15च्या पुढचे सगळे, 15 ते 29 आणि 15 ते 59 असे गट असतात. धाराशिवचा शेतकरी चोपन्नाव्या वर्षी निवृत्त होत नाही, आणि इथल्या मुलींचे राबणे पंचविशीच्या कितीतरी आधी सुरू होते. तरीही ही मधली तीस वर्षे वेगळी पाहायला हवीत, कारण घराचा सगळा भार याच वर्षांवर असतो. लेकरे लहान, सासू-सासरे थकलेले, कर्ज अंगावर, आणि कमावण्याची ताकद याच वयात सर्वांत जास्त.

आता जिल्हा. 2011च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 16 लाख 57 हजार होती आणि दर सहा माणसांमागे पाच खेड्यांत राहत होती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा हे आठ तालुके. पर्जन्यछायेचा मुलूख. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. भूम-परंड्याकडे दुभती जनावरे आणि खव्याच्या भट्ट्या. जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी दारोदार. तुळजापुरात यात्रेवर चालणारे व्यवसाय. पाणी असेल तिथे ऊस, आणि पाणी नसेल तिथून दुसऱ्याचा ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्या. बाकीचे पुण्या-मुंबईकडे. 2018 साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातल्या गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर हा जिल्हाही होता.

या वर्णनातली एक गोष्ट मोजणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. इथल्या बहुतेक कामाला हजेरीपट नाही. कारखान्यात किंवा कचेरीत काम आहे की नाही, हे कागद सांगतो. गोठ्यात आणि रानात ते माणसाच्या तोंडून कळते. आणि माणूस काय सांगेल, हे पुष्कळदा कसे विचारले यावर ठरते.

भूम तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर पाहणीवाले आले आहेत, असे समजा. ओसरीवर सासरे बसले आहेत. घरात कोण काय करते, असे विचारल्यावर ते सांगतात, "मी अन् पोरगा शेती बघतो. सून घरीच असती." सून पिठाचे हात घेऊन दारात येते. तिलाच विचारले, "ताई, तुम्ही काय काम करता?" तर तिचेही उत्तर तेच येते, "काय न्हाई, घरीच असते." कागदावर घरकामाचा आकडा पडतो आणि पाहणीवाले पुढच्या घराकडे वळतात.

आता हाच प्रश्न मोडून विचारू. "काल दूध कुणी काढलं? वैरण कुणी आणली? दूध भट्टीवर कोण घालतं? सोयाबीन खुरपायला तुम्ही किती दिवस गेलात? दुसऱ्याच्या रानात रोजानं किती दिवस?" त्याच बाईचा दिवस उलगडू लागतो. पहाटे शेण काढणे, धारा काढणे, चुलीपुढचे सगळे, मग रान, दुपारी बांधावरचे गवत, संध्याकाळी पुन्हा धारा. म्हशीच्या दुधाचे पैसे घरात येतात, त्यांवर किराणा चालतो आणि शाळेची वही-पुस्तके येतात. पाहणीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणेही ही बाई काम करणारी ठरते. खोटे कुणीच बोललेले नाही. 'काम' म्हणजे ज्याचा रोज मिळतो ते, अशी सासऱ्यांची आणि सुनेची समजूत आहे आणि तिच्यात दोघांचाही दोष नाही. प्रश्न त्या समजुतीपाशीच थांबला, ही उणीव मोजणीची.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सांकेतिक क्रमांकांत हा फरक स्पष्ट दिसतो. 21 म्हणजे घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत करणारी व्यक्ती. ती रोजगारात मोजली जाते. 92 म्हणजे फक्त घरकाम. 93 म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण, भाजीपाला, चारा फुकट गोळा करणे किंवा घरच्यासाठी शिवणकाम वगैरे. 92 आणि 93 दोन्ही श्रमशक्तीबाहेर. आता बांधावरून आणलेला गवताचा तोच भारा घ्या. तो दूधधंद्याचा भाग मानला, तर बाई 21 मध्ये. फुकट गोळा केलेला चारा मानला, तर 93 मध्ये. डोक्यावरचे ओझे तेच, वाट तीच, म्हैसही तीच. पण एका नोंदीत ती देशाच्या श्रमशक्तीत येते आणि दुसरीत जाते बाहेर. अशा नोंदी लाखो घरांत होतात आणि त्यांची बेरीज 'महिलांचा श्रमशक्तीतील सहभाग' म्हणून छापली जाते.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. 30 ते 49 वयाचे जवळजवळ सगळे पुरुष श्रमशक्तीत मोजले जातात. सातबाऱ्यावर नाव आहे, दोन एकर कोरडवाहू आहे, म्हणजे तो शेतकरी, स्वयंरोजगारात. पाऊस हुकला, पेरणी वाया गेली आणि तो चार महिने पारावर बसून राहिला, तरी 'नेहमीची स्थिती' विचारल्यावर तो शेतकरीच राहतो. अडचणीत असलेला पुरुष आत मोजला जातो, राबणारी बाई बाहेर मोजली जाते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कामाऐवजी घरातले स्थान आणि कागदावरचे नाव मोजले जाते. त्यामुळे धाराशिवमध्ये पुरुष बहुतेक कामात आणि बाया बहुतेक रिकाम्या, असे चित्र उभे राहते. गावात आठ दिवस राहिलेल्या कुणालाही ते पटणार नाही.

प्रश्न बदलला की देश कसा बदलतो, याचा सर्वांत मोठा दाखला जनगणनेतच आहे. 1951 साली हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तेव्हा माणसांची वाटणी स्वावलंबी, कमावते अवलंबित आणि न कमावते अवलंबित अशी होती. 1961 साली कामाची व्याख्या सैल होती. हंगामात थोडा वेळ पण नियमाने केलेले कामही धरले गेले. 1971 साली मुख्य काम कोणते, हे आधी विचारले गेले, आणि घरकाम हेच मुख्य म्हणून सांगणाऱ्या असंख्य बाया कामकऱ्यांतून वगळल्या गेल्या. देशातल्या कामकरी स्त्रियांची संख्या सुमारे 5 कोटी 90 लाखांवरून 3 कोटी 10 लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत निम्म्या बायांनी काम सोडलेले नव्हते. 1981 पासून मुख्य आणि सीमांतिक कामकरी असे दोन वर्ग करून त्यातला काही भाग परत मोजणीत आणावा लागला.

त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञही या प्रश्नाशी झगडत होते. प्रा. मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970च्या अहवालात एक मूलभूत गोष्ट सांगितली. भारतासारख्या देशात, जिथे बहुतेक लोक स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात आहेत, तिथे बेकारीचा एकच एक आकडा काढणे निरर्थक आहे. माणसांचे प्रकार, हंगाम आणि प्रदेश वेगवेगळे मांडायला हवेत. या विचारातून राष्ट्रीय नमुना पाहणीची 27वी फेरी आखली गेली. वर्षभराची नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि दिवसाची स्थिती अशा तीन मापांनी काम मोजण्याची पद्धत तिथून रूढ झाली. ही फेरी ऑक्टोबर 1972 ते सप्टेंबर 1973 या काळात झाली.

महाराष्ट्राच्या, आणि विशेषतः मराठवाड्याच्या, वाचकाला ही तारीख ओळखीची वाटेल. तोच बहात्तरचा दुष्काळ. दिल्लीचे तज्ज्ञ काम कसे मोजावे हे ठरवत होते, तेव्हा इथली माणसे खडी फोडत होती, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव खोदत होती, मिलो आणि सुकडीवर दिवस काढत होती. मे 1973च्या सुमारास राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती, आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याच्या ज्या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला, तिला या दुष्काळाने राज्यभर नेले. तिचा, म्हणजे रोजगार हमीचा, कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

या पुस्तकाचे सगळे म्हणणे माझ्या मते या एका घटनेत सामावले आहे. 1971च्या जनगणनेत घरकामाच्या रकान्यात बसलेल्या कितीतरी बाया दोन वर्षांच्या आत कामावर हजर होत्या. त्यांचे वय तेच होते, लेकरे तीच होती, घरचे बंधनही तेच होते. बदलले ते एवढेच, की काम चालत जाण्याच्या अंतरावर आले, मागेल त्याला मिळू लागले, बाई-पुरुषाला कामाच्या मापाने एकच दर मिळाला आणि हजेरीपटावर बाईचे स्वतःचे नाव लागले. दुष्काळाने लोटले हे खरेच. पण त्याआधीच्या दुष्काळांतही भूक हीच होती, फक्त दारापाशी असे काम नव्हते. श्रमशक्तीबाहेर असणे हा माणसाचा स्वभाव नाही. माणूस आणि त्याच्यापर्यंत पोचलेले काम यांच्यातले ते अंतर आहे. काम जवळ आणले की बाहेरची माणसे आत येतात, आणि किती आली हे पाहून मगच खऱ्या अर्थाने कळते की किती जण बाहेर अडकले होते.

याच जिल्ह्यात याचा दुसरा दाखला वीस वर्षांनी मिळाला. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीबरोबर उमरगा-लोहाऱ्याकडची सास्तूरसारखी गावेही उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. घर दुरुस्तीची माहिती पोचवणे, बांधकाम नीट होते की नाही पाहणे, सरकारी यंत्रणेशी बोलणे, ही कामे त्यांनी केली. आदल्या वर्षी 'काय करता' असे विचारले असते, तर यांतल्या बहुतेकींनी 'घरीच असते' असेच सांगितले असते.

पाहणीच्या यंत्रणेला ही गोष्ट माहीत नव्हती असे नाही. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नमुना पाहणीत 92 आणि 93 मधल्या बायांना पुढचे काही प्रश्न वेगळे विचारले जात. घरी बसून करता येईल असे काम मिळाले तर कराल का? कोणते? त्यासाठी काय लागेल? 2011-12च्या पाहणीत घरकामात असलेल्या ग्रामीण बायांपैकी जवळपास एकतृतीयांश जणींनी होकार दिला होता, आणि सर्वांत जास्त पसंती शिवणकामाला होती. म्हणजे 'बाहेर' म्हणून मोजलेल्यांतली दर तिसरी बाई उंबऱ्यावर उभी होती. 2017 पासून सुरू झालेल्या नव्या श्रमशक्ती पाहणीत ही प्रश्नावली त्या रूपात राहिली नाही. ती परत आली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो. रोजगार योजना आखणाऱ्याला इतकी थेट उपयोगाची माहिती दुसऱ्या कोणत्याही प्रश्नातून मिळत नाही.

आता आजचे आकडे. 2017-18 साली देशातल्या 15 वर्षांवरील स्त्रियांपैकी 23.3 टक्के श्रमशक्तीत होत्या. 2023-24 साली 41.7 टक्के. ग्रामीण भागात ही वाढ 24.6 वरून 47.6 टक्क्यांपर्यंत आहे. सहा वर्षांत एवढा बदल खराच झाला असेल, तर गावाचे रूप पालटले असते. काही वाढ खरी आहे. महागाई, करोनानंतरची ओढाताण आणि पुरुषांचे शहराकडे जाणे यांमुळे बाया जास्त प्रमाणात शेतीत आणि पशुपालनात आल्या. काही वाढ नीट विचारल्याची असावी. पण आत आलेल्या बाया कुठे आल्या, हे पाहिले की चित्र बदलते. काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारातल्या 2017-18 मध्ये 51.9 टक्के होत्या, 2023-24 मध्ये 67.4 टक्के, आणि त्यांत घरच्या शेतीत आणि धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मोठ्या प्रमाणात. मोजणीत त्यांचे नाव आले, हातात पैसा आला असे नाही. दुसरीकडे सीएमआयई या खासगी संस्थेच्या पाहणीत स्त्रियांचा सहभाग 10 टक्क्यांच्या आसपास दिसतो, कारण तिथे कामाची व्याख्या बरीच कडक आहे. एकाच देशातल्या, एकाच काळातल्या स्त्रियांविषयी 10 आणि 40 असे दोन आकडे निघतात. वाचकाने गोंधळू नये. दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, आणि यांतल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे आहे, हे आधी आपण ठरवायचे असते.

ऊसतोडीत हा घोळ सर्वांत तीव्र होतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. पुरुष तोडतो, बाई ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते, आणि कोपीवर परतल्यावर स्वयंपाकही तिचाच. टनाचा हिशेब कोयत्याच्या नावाने होतो आणि कोयत्याचे नाव म्हणजे नवऱ्याचे नाव. दोन माणसांच्या घामाचे एकच माप निघते. सहा महिने फडावर आणि सहा महिने गावी असलेल्या या बाईला मे महिन्यात विचारले तर एक उत्तर येते, डिसेंबरमध्ये दुसरे. डिसेंबरमध्ये तर गावच्या घराला कुलूप असते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामाने शरीर झिजवून चाळिशीच्या आत बाहेर फेकलेली बाई पाहणीत 'घरकाम' म्हणून नोंदली जाते. तिच्या बाहेर असण्याचे खरे कारण त्या शब्दात पुसले जाते.

वेळ मोजला तर आणखी एक गोष्ट कळते. 2019 साली देशात पहिली सर्वंकष वेळ-वापर पाहणी झाली आणि 2024 साली दुसरी. 2024च्या पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटे जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणजे बायांचे जवळपास पाच तास. पाण्याच्या टंचाईत धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे तास आणखी वाढतात, कारण टँकरची वाट पाहणे हेही बाईचेच काम. आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या 19व्या परिषदेने 2013 साली घरच्यासाठी केलेले असे श्रमही 'काम' आहे हे मान्य केले, पण रोजगार म्हणजे मजुरी किंवा नफ्यासाठीचे काम, एवढाच ठेवला. यातून एक शहाणपण घेता येते. बाई 'कामात' आहे की नाही, याचा निवाडा एका रकान्यात करण्याऐवजी दोन स्वतंत्र गोष्टी मांडाव्यात : ती किती राबते, आणि त्यातल्या किती राबण्याचे तिला पैसे मिळतात.

हे सगळे ध्यानात घेऊन धाराशिवच्या 'बाहेर'च्या माणसांकडे पाहिले, तर चार वेगळे समूह दिसतात. पहिला, जे कामात आहेत पण मोजले गेले नाहीत : गोठ्यातल्या, रानातल्या, कोयत्यावरच्या बाया. यांच्यासाठी प्रश्नावली सुधारायला हवी. दुसरा, जे काम करू इच्छितात पण काम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तणनाशकांनी खुरपणीचे दिवस कमी केले; गावातली रोजाची कामे घटली की बाई शेजारच्या तालुक्यात जात नाही, ती घरी थांबते. पाळणाघर नाही, एसटी वेळेवर नाही, शिवणयंत्र नाही. यांच्यासाठी काम जवळ आणायला हवे. तिसरा, ज्यांना काम झेपत नाही : अपंग, दीर्घ आजारी, अपघाताने शहरातून परतलेले, दारूने पोखरलेले, शरीर झिजलेले. यांना औषधोपचार आणि पेन्शन हवी. त्यांना श्रमशक्तीत ओढण्याचा आग्रह क्रूरपणाचा ठरेल. चौथा, जे निवडीने किंवा घरच्या मर्जीने बाहेर आहेत. यात बरी परिस्थिती असलेल्या घरांतल्या सुना आहेत, आणि पुण्यातल्या अभ्यासिकांमधून तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलेही. या चौघांना एका आकड्यात कोंबले, की धोरण चुकते. कारण प्रत्येकाला लागणारी मदत वेगळी आहे.

आजवर हा आकडा जिल्हा पातळीवर मिळणेच अवघड होते. राज्याचा आकडा निघे. त्यात मुंबई आणि धाराशिव एकाच सरासरीत विरघळून जात. जानेवारी 2025 पासून श्रमशक्ती पाहणीत बदल झाले. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला, अंदाज दरमहा प्रसिद्ध होऊ लागले आणि नमुना वाढून देशभरातून सुमारे 2 लाख 72 हजार घरे घेतली जाऊ लागली. हे पाऊल चांगलेच आहे. पण ढोबळ भागाकार केला, तर सरासरीने एका जिल्ह्याच्या वाट्याला साडेतीनशेच्या आसपास घरे येतात. त्यांतली 25 ते 54 वयाची माणसे, त्यांतल्या बाया, त्यांतल्या एका तालुक्यातल्या, असे खाली उतरत गेले की हाती फार थोडी नावे उरतात. या संख्येवर तालुक्याची योजना आखता येणार नाही. जनगणना ती उणीव भरून काढते, कारण ती घरोघर जाते. पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख 1 मार्च 2027 आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारीत आहे. फेब्रुवारी हा गळीत हंगामाचा भर. धाराशिवची हजारो कर्ती माणसे तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर असतात, आणि मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नसतो तो जिथे सापडतो तिथे मोजला जातो. कामासाठी बाहेर गेल्यामुळेच जिल्ह्याच्या कामकऱ्यांतून गळणाऱ्या या माणसांचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल.

ही मोजणी चांगली कशी करावी, यावर पुढील प्रकरणांत तपशिलाने लिहिले आहे. इथे एवढेच सांगतो, की तिच्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. उत्तर घरातल्या कर्त्या पुरुषाकडून न घेता ज्याचे त्याच्याकडून घ्यावे. 'काय करता' याऐवजी कामांची यादी घेऊन एकेक विचारावे. वर्षातून किमान तीनदा विचारावे : खुरपणीच्या वेळी, ऊसतोडीच्या ऐन हंगामात आणि उन्हाळ्यात. बाहेर असल्याचे उत्तर आले तर तिथे न थांबता कारण विचारावे, आणि मग हेही विचारावे की कोणते काम, किती अंतरावर, किती वेळाचे आणि किती मोबदल्याचे असेल तर तुम्ही कराल. शेवटी आलेले आकडे त्याच गावात, ग्रामसभेत वाचून दाखवावेत. गावाला आपली मोजणी पटली पाहिजे. न पटलेला आकडा तिथेच दुरुस्त होतो.

या पुस्तकाचा वाचक म्हणून मी विद्यार्थ्याची, पत्रकाराची आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्या माणसाची कल्पना केली आहे. तिघांनाही माझे सांगणे एकच आहे. 'श्रमशक्तीबाहेर' हा आकडा हाती आला, की तो या जिल्ह्याने मागितलेल्या पण अजून न मिळालेल्या कामाची यादी म्हणून वाचा. त्यातल्या प्रत्येक समूहासमोर एक उपाय लिहा : इथे नोंद सुधारायची, इथे काम जवळ न्यायचे, इथे उपचार आणि पेन्शन द्यायची, इथे माणसाची निवड मान्य करायची. पागे यांच्या योजनेने महाराष्ट्राला दाखवून दिले, की मागेल त्याला काम देण्याचा शब्द सरकार देऊ शकते आणि तो कायद्यात लिहू शकते. तो शब्द पाळायचा असेल, तर मागणारे कोण आहेत हे आधी नीट कळले पाहिजे. ज्यांना कुणी विचारलेच नाही, त्यांनी काम मागितले नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.